शेजारी कोण, हे आधी ठरवा

(कापूस व ज्वारी उत्पादक शेतकऱ्यांच्या जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत भावावर आणि कर्जावर पुष्कळ बोलून झाले. आम्हाला बोलायचे आहे ते नकाशावर. नकाशाचा आणि आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा, की कृषी सहायकाने आधी कोणत्या गावात जायचे, मोहीम कुठे घ्यायची, पाहणीची गाडी कुठे वळवायची, हे पुढच्या काळात नकाशावरच्या तांबड्या डागाकडे बोट दाखवून ठरवले जाऊ शकते. ज्याचे गाव तांबडे, त्याच्याकडे गाडी जाईल. ज्याचे गाव पांढरे राहिले, त्याने कितीही ओरड केली तरी 'संगणकात तुमचे गाव येत नाही' एवढेच उत्तर त्याला मिळेल. म्हणून हा डाग पडतो कसा, हे आपल्याला कळलेच पाहिजे. ते कळायला पदवी लागत नाही. सातबारा वाचता येतो त्याला हेही वाचता येईल.

ठिपका वेगळा, डाग वेगळा

'हॉटस्पॉट' हा शब्द २०२० च्या करोनात घरोघरी पोचला. किडीच्या बाबतीत तो दोन अर्थांनी वापरला जातो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

पहिला अर्थ साधा. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग सापडले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडली आणि दोन किडकी निघाली, म्हणजे गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली. त्या गावाला हॉटस्पॉट म्हणतात. इथे शेजारच्या गावाचा काही संबंध नाही. तुमचा सापळा, तुमची बोंडे, तुमचा निकाल.

दुसरा अर्थ नकाशाशास्त्राचा. आर्थर गेटिस आणि कीथ ऑर्ड या दोघांनी १९९२ साली एक रीत मांडली. ती आज सगळ्या जगात वापरतात. या रीतीत एकट्या ठिपक्याला किंमत नाही. ठिपका आणि त्याचे शेजारी मिळून जो आकडा होतो, तो सगळ्या मुलखाच्या सरासरीपेक्षा नशिबाने चढावा त्याहून जास्त चढला आहे का, हे पाहतात. चढला असेल तर डाग तांबडा, उतरला असेल तर निळा.

आता प्रश्न असा, की शेजारी कोण? आणि कोणत्या शेजाऱ्याचे किती ऐकायचे? याला 'शेजाराचे वजन' म्हणू. संगणक पतंग मोजतो, बेरीज करतो, भागाकार करतो. पण शेजारी कोण हे त्याला माहीत नसते. ते कोणीतरी माणूस सांगतो. कोणीच सांगितले नाही, तर प्रणाली बनवणाऱ्याने आधीच भरून ठेवलेले उत्तर तो घेतो. त्या माणसाने तुमचे शिवार पाहिलेले नसते.

तेच पतंग, दोन निकाल

हिशेब करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण रीत खरी आहे.

समजा, तालुक्यात ४९ सापळे आहेत. रात्रीची सरासरी ६ पतंग. आकड्यांचा चढउतार, ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, तो ४. आपल्या सापळ्यात १४ पतंग पडले. सर्वांत जवळच्या तीन सापळ्यांत ११, ९ आणि ८. चौघांची बेरीज ४२. सरासरीने चौघांत पडायला हवे होते २४. म्हणजे १८ जास्त. चार सापळ्यांच्या बेरजेत नुसत्या नशिबाने किती चढउतार होतो, त्याचे सूत्र आहे. ते इथे ७.७५ येते. १८ ला ७.७५ ने भागले की २.३२. मर्यादा १.९६ ची. आपण तिच्या वर गेलो. गाव तांबडे.

आता कोणी म्हणाले, तीनच शेजारी का, आठ घ्या. पुढचे पाच सापळे जरा लांबचे. त्यांत ५, ४, ४, ३ आणि ६ पतंग. नऊ सापळ्यांची बेरीज ६४, अपेक्षा ५४, जास्त १०. नशिबाचा चढउतार आता १०.९५. भागाकार ०.९१. गाव पांढरे.

एकही पतंग कमी-जास्त झाला नाही. कोणी खोटी नोंद केली नाही. फक्त शेजाऱ्यांची संख्या तीनावरून आठावर नेली आणि तांबडे गाव पांढरे झाले.

याच तालुक्यात दुसरे गाव घ्या. तिथल्या सापळ्यात दोनच पतंग. पण शेजारच्या तिघांत १६, १३ आणि ११. बेरीज पुन्हा ४२. म्हणजे हे दोन पतंगांचे गावही तांबडे! आणि तिसरे गाव. तिथे २० पतंग, पऱ्हाटीवर डोमकळ्याच डोमकळ्या. पण शेजारी २, १ आणि १. बेरीज २४, अपेक्षाही २४. भागाकार शून्य. ज्याच्या शेतात सर्वांत जास्त अळी, त्याचे गाव नकाशावर कोरे.

ही रीतीची लबाडी नाही. 'कीड कुठे गठ्ठ्याने आहे?' एवढाच प्रश्न ती विचारते. 'नुकसान कोणाचे झाले?' हा प्रश्न ती विचारतच नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणी दुसऱ्या प्रश्नाला लावू लागला, तर त्याचा हात तिथेच धरायला हवा.

आणखी एक. ४९ ठिकाणी हीच कसोटी लावली, तर शंभरात पाचाच्या हिशेबाने दोन-तीन डाग नुसत्या योगायोगाने पडतील, तांबडे किंवा निळे. म्हणून मर्यादेला जेमतेम टेकलेल्या डागावर मोठा निर्णय घ्यायचा नाही. २.५८ ची कडक मर्यादा ओलांडणारा डाग जास्त भरवशाचा.

लंडनचा पंप

शेजार म्हणजे काय, हे समजून घ्यायला एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कुठे कुठे झाले ते नकाशावर मांडले. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती खुणांची गर्दी झाली. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. एवढी गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. आपल्या कामाची गोष्ट त्यापुढची आहे.

स्नो यांनी अंतर सरळ रेषेत मोजले नाही. गल्लीबोळांतून चालत जाताना कोणत्या घराला कोणता पंप जवळ पडतो, हे पाहून त्यांनी १८५५ साली पंपाची हद्द आखली. पाणी माणूस डोक्यावरून आणि हातातून नेतो, कावळ्यासारखा उडत नेत नाही, म्हणून अंतर पायवाटेचे.

तरी काही खुणा बसेनात. पंपाच्या अगदी जवळ एक अनाथाश्रमवजा कामगृह होते. त्यात ५३५ माणसे होती आणि मेली फक्त पाच. आत स्वतःची विहीर होती. जवळच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरहून अधिक मजूर होते आणि कॉलऱ्याने एकही दगावला नाही. ते कारखान्याची बिअर पीत, कारखान्याची विहीरही वेगळी. उलट, कित्येक मैल दूर हॅम्पस्टेडला एक विधवा बाई मेली. चौकशी केली तेव्हा कळले, की ब्रॉड स्ट्रीटचे पाणी तिला आवडायचे आणि ती ते मुद्दाम मागवून घ्यायची.

म्हणजे भिंतीला भिंत असलेला शेजारी नव्हता आणि मैलोन्‌मैल दूरची बाई शेजारीण होती. रोग ज्या वाटेने चालतो त्या वाटेने शेजार ठरतो. स्नो यांच्याजवळ संगणक नव्हता, पण शेजाराची रीत त्यांना पक्की कळली होती.

शेजार धरायच्या चार रीती

संगणकात शेजार धरायच्या चार रीती नेहमी दिसतात. प्रत्येकीचा गुण आहे आणि खोडही आहे.

पहिली, ठराविक अंतराची. 'चार किलोमीटरच्या आतले सगळे शेजारी.' समजायला सोपी, सगळ्यांना माप सारखे. पण काळ्या जमिनीच्या दाट पट्ट्यात एकेका गावाला वीस शेजारी मिळतात आणि डोंगराच्या कडेच्या गावाला एकही मिळत नाही. ज्याला शेजारीच नाही त्याचा हिशेब कसला? म्हणून अंतर एवढे हवे, की प्रत्येकाला निदान एक तरी शेजारी मिळेल. आणि एवढेही नको, की सगळा तालुकाच सगळ्यांचा शेजारी होईल. आकडे फार वेडेवाकडे असतील तर आठेक शेजारी असावेत, असा ठोकताळा सांगतात.

दुसरी, ठराविक संख्येची. 'सर्वांत जवळचे पाच.' इथे कोणी एकटा पडत नाही. पण रानाकडेच्या गावाचा पाचवा शेजारी बारा किलोमीटरवरचा असू शकतो. शिवाय हा शेजार एकतर्फी. तुम्ही माझ्या पाचांत असाल, मी तुमच्या पाचांत असेनच असे नाही.

तिसरी, शिवेला शीव लागून असलेल्यांची. गावाच्या हद्दी असतील तर त्या घ्यायच्या. नुसते ठिपके असतील तर प्रत्येक ठिपक्याभोवती 'इथून हाच ठिपका सर्वांत जवळ' अशी हद्द आखायची. अमेरिकेतल्या थीसेन यांनी १९११ साली पर्जन्यमापकांसाठी ही आखणी सांगितली, तीच आजही चालते. खोड अशी, की मोठ्या शिवाराच्या गावाला आठ-दहा शेजारी आणि लहान शिवाराला दोन-तीन. आणि ठिपकेच विरळ असतील तर हद्द लांबच्या लांब पसरते.

चौथी, जवळच्याचे जास्त आणि लांबच्याचे कमी ऐकायची. ऐकायला सर्वांत न्यायाची वाटते. पण एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंना ५० मीटरवर दोन सापळे असले आणि बाकीचे एक किलोमीटरवर, तर त्या एका शेजाऱ्याचे वजन वीसपट होते. अंतराचा वर्ग घेतला तर चारशेपट. मग पंचायत बसली तरी बोलतो तो एकटाच.

या चारांतली कोणती चांगली, असे विचारू नका. विचारायचे ते असे: आपण ज्याचा माग काढतो आहोत ते चालते कसे?

बोंडअळीची सोयरीक

गुलाबी बोंडअळीचे पाहू. बीटी कापूस २००२ साली आला, दोन जनुकांचा २००६ साली. तरी २०१७ च्या हंगामात आपल्या भागात या अळीने बोंडेच्या बोंडे पोखरली. तिची चाल आपल्याला आता पाठ आहे. हंगामात बहुतेक पतंग जवळच्या शेतांतच फिरतात, काही वाऱ्याबरोबर लांब जातात. म्हणून हंगामाच्या मध्यात दोन-चार किलोमीटरचा शेजार धरणे योग्य, आणि वाऱ्याच्या दिशेचा शेजारी जास्त वजनाचा.

पण हंगाम संपल्यावर? अळी सरकीत झोपते, किडक्या बोंडांत झोपते, धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगात झोपते. कापूस गाडीत भरला की अळीही गाडीत बसते आणि जिनिंगच्या आवारात उतरते. तेव्हा हंगामाच्या सुरुवातीचा नकाशा काढताना पंधरा किलोमीटरवरचे गाव, जिथे जिनिंग आहे आणि जिथे आपला कापूस जातो, ते आपले शेजारी. जिनिंगभोवतीची गावे त्या जिनिंगची शेजारी. आणि ज्याने फरदड ठेवली तो शेतकरी चारी बाजूंचा शेजारी. नकाशातली सरळ रेषा यातले काही सांगत नाही. आपल्या गाडीवानाला मात्र सगळे ठाऊक असते.

जिल्ह्याच्या हद्दीचे तेच. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद. दोन्हीकडे कापूस. जिल्ह्याच्या नकाशात पलीकडचे सापळे नसतात, म्हणून काठावरच्या गावाचे निम्मे शेजारी गायब होतात. पतंगाला नदी ओलांडायला राज्याचा परवाना लागत नाही. काठावरच्या गावांचा निकाल सांगताना हे लिहूनच सांगितले पाहिजे.

आणि जिथे सापळा लावलाच नाही तिथे शून्य पतंग आहेत असे धरायचे नाही. फोनवर आलेल्या तक्रारींचे ठिपके मांडले, तर अळी कुठे आहे यापेक्षा फोन कुठे लागतो आणि कार्यकर्ता कुठे जागा आहे, हेच नकाशा दाखवील.

ज्वारीची गोष्ट उलटी

कापसावर जो शेजार चालतो तो ज्वारीवर जसाच्या तसा चालत नाही. उशिरा पेरलेल्या ज्वारीवर खोडमाशी तुटून पडते, कारण आधी पेरलेल्या शेतांत तिची पिढी वाढलेली असते. इथे धुऱ्याला धुरा लागून असणे पुरेसे नाही, पेरणीची तारीखही पाहिजे. जवळचा पण त्याच दिवशी पेरलेला, आणि जवळचा पण तीन आठवडे आधी पेरलेला, या दोघांचे वजन एक कसे असेल?

पाखरांचे तर अगदी उलट. पूर्वी सगळे शिवार ज्वारीचे असायचे, तेव्हा पाखरे वाटली जायची. आता सोयाबीन आणि कापसाच्या मध्ये एकट्याची ज्वारी असली, की साऱ्या शिवाराची पाखरे त्याच्याच कणसांवर. इथे शेजाऱ्याकडे ज्वारी नसणे हेच नुकसानीचे कारण. असे नुकसान गठ्ठ्याने येत नाही, एकेकटे येते. गेटिस-ऑर्डची रीत लावाल तर नकाशा कोरा निघेल आणि कोणी म्हणेल, पाखरांचा त्रासच नाही. चढ्या आकड्याभोवती सगळे उतरते आकडे, असा एकटा पडलेला ठिपका शोधायला वेगळी रीत आहे. ती ल्युक अॅन्सेलिन यांनी १९९५ साली मांडली. ज्वारीवाल्याने तीच मागायची.

मंडळाची हद्द हेही वजनच

हे सगळे नवे आहे असे समजू नका. शेजाराचे वजन सरकार कधीपासून ठरवत आले आहे, फक्त त्याला तसे म्हणत नाही. पीक विम्यात उत्पन्नाचा हिशेब महसूल मंडळ किंवा तालुका एकक धरून होतो. म्हणजे काय? तर मंडळातल्या सगळ्यांचे वजन एक, हद्दीबाहेरच्याचे शून्य. तुमच्या धुऱ्यापलीकडचा शेतकरी, ज्याच्यावर तुमच्याच ढगातून गारा पडल्या, तो दुसऱ्या मंडळात असेल तर तो तुमचा कोणी नाही. आणि मंडळाच्या दुसऱ्या टोकाचा, ज्याला विहीर आहे, त्याचे पीक तुमच्या हिशेबात.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. नोव्हेंबरात बाहेरच्या १०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. पावसाचा हंगाम तर तोच होता. निकष बदलले, तालुक्याऐवजी मंडळ पाहिले, तशी यादी लांबली. एकक कोणते धरायचे हा कारकुनी प्रश्न वाटतो, पण त्यावर हजारो घरांचा हंगाम टांगलेला असतो.

आपण काय करायचे

भावांनो, आपल्याला आपला नकाशा आपणच काढायचा आहे. क्यूजीआयएस, जिओडा या प्रणाली फुकट मिळतात, गावातल्या शिकल्या पोरांना त्या चालवता येतात. कामाची रीत मात्र अशी ठेवायची.

एक, प्रत्येक सापळ्याची नोंद: जागा, पतंग, किती रात्रींचे, आणि सापळ्यातली गोळी कधी बदलली. जुन्या गोळीचा सापळा आणि नव्या गोळीचा सापळा यांची तुलना होत नाही.

दोन, पतंग मोजायच्या आधी शेजारयादी. गावच्या बैठकीत बसून लिहायची. कोण शेजारी आणि का, हे प्रत्येक नावापुढे लिहायचे: वारा, जिनिंगचा रस्ता, लागून असलेली पऱ्हाटी. एकदा यादी वाचून दाखवली, की त्या हंगामात ती बदलायची नाही. निकाल पाहून शेजारी बदलणे म्हणजे तराजूत माल टाकल्यावर वजने बदलणे. व्यापाऱ्याने ते केले तर आपण चालवून घेतो का?

तीन, हिशेब तीन अंतरांनी करायचा: दोन, चार आणि आठ किलोमीटर. तिन्ही वेळा जे गाव तांबडे राहिले तिथे आधी धावायचे. एकाच अंतराला तांबडे झालेल्या गावात जाऊन बोंडे फोडून खात्री करायची.

चार, एकाकी गावांची वेगळी यादी. आठ पतंगांची पातळी ओलांडली पण नकाशावर डाग नाही, अशी गावे नावानिशी लिहायची. तिथल्या शेतकऱ्याला सल्ला आणि मदत तेवढीच मिळाली पाहिजे.

पाच, बाहेरून कोणीही तांबडा-निळा नकाशा घेऊन आला, तर त्याला बसायला घोंगडी द्या, पाणी द्या आणि विचारा: शेजारी कसे धरले? अंतर कोणते आणि तेच का? आकडे पाहण्याआधी ठरवले की नंतर? हद्दीबाहेरचे सापळे घेतले का? ज्या गावात सापळाच नव्हता त्याचे काय केले? ज्याने काम नीट केले असेल तो आनंदाने उत्तर देईल. 'ते संगणकाने ठरवले' असे जो म्हणेल, त्याचा नकाशा परत पाठवा.

सापळ्यात किती पतंग पडले हे रोज सकाळी तुम्ही मोजता. तुमचा शेजारी कोण, हेही तुम्हालाच सर्वांत चांगले माहीत आहे. येत्या हंगामात सापळे लागायच्या आत प्रत्येक गावाची शेजारयादी तालुक्याला पोचली पाहिजे. यादी कोऱ्या कागदावर असली तरी चालेल, पण कारणांसकट असली पाहिजे. एवढे काम अंगावर घेऊनच आज इथून उठायचे.